पेंडीच्या काट्यावरची भाची

कोल्हापूरच्या शाहूपुरीत माझं पशुखाद्याचं दुकान आहे. सरकी पेंड, गोळी पेंड, भुसा, मक्याची भरड. म्हैस आटली, गाय वाळली, कालवड अंग धरत नाही, अशा तक्रारी घेऊन माणसं येतात आणि मी त्यांना खुराक सांगतो. या विषयात माझा शब्द खाली पडत नाही. घरी पडतो, आणि पडला तर उचलायलाही कुणी येत नाही, पण दुकानात नाही.

माझ्या अधिकाराचा दुसरा विषय म्हणजे मधुमेह. तो मला आठ वर्षांपासून आहे. वारशानं आला म्हणावं तर आमच्या घरात दुसऱ्या कुणालाच नाही. पेढे, खव्याची बर्फी आणि गादीवर बसून राहणं, यांच्या जोरावर तो मी स्वकष्टानं मिळवला आहे. त्यामुळं त्यावर बोलायचा मला हक्क आहे, अशी माझी समजूत होती.

या दोन्ही विषयांत मी एकाच वर्षात नापास झालो. ज्या मास्तरणीनं मला नापास केलं तिचं वय सोळा होतं आणि वजन बेचाळीस किलो.

ती माझी भाची. माझी धाकटी बहीण कुरुंदवाडला दिलेली आहे. मेव्हणे तिथंच शाळेत शिक्षक आहेत. भाची तीन महिन्यांची असताना बहीण एकदा म्हणाली होती, की हिचा मुका घेतला की ओठाला खारट लागतं. मी म्हणालो, तूच रडत असशील आणि तुझंच पाणी तुला लागत असेल. माझ्या वैद्यकीय ज्ञानाची सुरुवात ही अशी. नशीब, की बहिणीनं माझं ऐकलं नाही. तिनं बालरोगाच्या डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी बाळाच्या घामाची तपासणी करायला पाठवलं, आणि आमच्या घरात एक नाव आलं जे पहिल्या दमात कुणालाच म्हणता आलं नाही. सिस्टिक फायब्रोसिस.

मला समजलं ते असं. आपल्या अंगात जे जे पाण्यासारखं वाहायला हवं, ते या मुलांच्या अंगात डिंकासारखं चिकट होतं. छातीत चिकट कफ साठतो. पोटाच्या मागं स्वादुपिंड म्हणून जी ग्रंथी असते तिच्या नळ्या तुंबतात, मग अन्न पचवणारा रस आतड्यात पोचत नाही. खाल्लेलं तूप-दूध अंगी न लागता तसंच निघून जातं. म्हणून ही पोरं जेवताना कॅप्सूल गिळतात, आणि त्यांना इतरांपेक्षा खूप जास्त खावं लागतं. वजन टिकलं तर श्वास टिकतो. बहिणीच्या घरात सोळा वर्षं या एका वाक्यावर संसार चालला होता.

दहावी झाल्यावर भाचीनं हट्ट धरला की अकरावीला कोल्हापुरातच जाणार. तिला शास्त्र शाखा हवी होती, आणि प्रयोगशाळा चांगली हवी होती. बहिणीनं सहा दिवस नाही म्हटलं. सातव्या दिवशी ती पोरीला आणि चार पिशव्या घेऊन माझ्या दारात आली. एका पिशवीत कपडे होते. बाकी तीन औषधांच्या.

जाताना तिनं माझ्या बायकोला आणि मला समोर बसवून सगळं सांगितलं. पोरीला तूप, लोणी, अंडी, मटण, शेंगदाणे, जेवढं खाईल तेवढं द्यायचं. दूध उकळूनच. मीठ आपल्यापेक्षा जास्त, कारण हिच्या घामातून मीठ फार जातं. फक्त साखरेची सरबतं, बाटलीतली थंड पेयं, डब्यातले ज्यूस, असलं काही द्यायचं नाही. या मुलांना मोठेपणी मधुमेह व्हायचा धोका असतो, म्हणून दरवर्षी साखरेची तपासणी असते. आणि तो झाला तर वजन उतरतं, वजन उतरलं की छाती बिघडते. एवढं सांगून बहीण माझ्याकडं बघत राहिली. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, काळजीच करू नकोस. मी स्वतः मधुमेही आहे.

आता वाटतं, तिनं तेव्हाच पोरीला परत न्यायला हवं होतं.

पोरगी मात्र विलक्षण. सकाळी साडेपाचला उठायची. वाफेच्या यंत्राची नळी तोंडाला लावून बसायची. मग पालथं पडून पाठीवर थापट्या मारून घ्यायची, कफ सुटावा म्हणून. ते काम माझ्या बायकोनं शिकून घेतलं. हाताची ओंजळ करून, ठराविक लयीत. शेजारीण एकदा विचारत होती, तुमच्याकडं पहाटेच भाकऱ्या कशाला थापता हो? पोरगी पालथी पडल्या पडल्या इंग्रजी शब्द पाठ करायची. एका थापटीला एक शब्द. बायको म्हणते, माझापण निम्मा शब्दकोश पाठ झाला. पुढं नाष्टा, कॅप्सूल, कॉलेज, परत वाफ, परत थापट्या, कॅप्सूल. यातलं काही चुकलं, काही राहिलं, काही उद्यावर ढकललं, असं मी एकदाही बघितलं नाही. मी माझी गोळी आठवड्यातून तीनदा विसरायचो आणि उरलेल्या चार दिवसांचा अभिमान बाळगायचो.

तर अशा पोरीचा पाहुणचार कसा करायचा? साखर बंद. कबूल. साखरेचा डबा मी स्वतः माळ्यावर टाकला. आणि कपाटातून काकवीची बाटली काढली.

बाहेरगावच्या लोकांना काकवी सांगावी लागते. गुऱ्हाळात उसाचा रस आटवून गूळ करतात. तो घट्ट व्हायच्या जरा आधी काढला की मधासारखा पातळ, तांबूस पाक मिळतो, ती काकवी. आमच्याकडं ती भाकरीशी खातात, दुधात घालतात, बाळंतिणीला देतात. माझा एक मित्र गुळव्या आहे, म्हणजे काहिलीत, त्या भल्या मोठ्या कढईत, गूळ कधी झाला ते ठरवणारा माणूस. त्याच्याकडून दरवर्षी चार बाटल्या येतात. मी रोज सकाळी भाचीच्या ग्लासभर दुधात दोन मोठे चमचे काकवी घालू लागलो. संध्याकाळी दुकानातून येताना उसाचा रस आणायचो, वरून मीठ टाकून, कारण मीठ जास्त द्यायला सांगितलं होतं. सूचनांचं एवढं तंतोतंत पालन आमच्या घराण्यात कुणी केलं नसेल.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मामा, गूळ म्हणजे पण साखरच की ओ."

मी हसलो. आणि मग व्याख्यान दिलं. साखर कारखान्यात होते, गूळ गुऱ्हाळात होतो. साखर पांढरी, गूळ पिवळा. साखरेनं माणूस खंगतो, गुळानं पैलवान होतो. आमच्या आजोबांनी आयुष्यभर गूळ खाल्ला आणि शेवटपर्यंत नांगर धरला. ती सगळं ऐकून घ्यायची आणि ग्लास संपवायची. नव्या घरात आलेली पोरगी, मामाचा मान कसा मोडणार? हे मला पुढं कळलं. तेव्हा मला वाटलं, मुद्दा पटला.

खोटं कशाला सांगू, या चुकीत मी एकटा नाही. आमच्या जिल्ह्यात चहात साखर टाकायला नको म्हणणारा माणूस गुळाचा चहा दोन कप पितो आणि आपण पथ्य पाळलं म्हणून झोपतो. मी स्वतः आठ वर्षं तेच करत होतो.

ऑगस्टमध्ये तिची वर्षाची तपासणी होती, पुण्याला. बहीण कुरुंदवाडहून परस्पर येणार होती, मी भाचीला घेऊन गेलो. उपाशीपोटी रक्त घेतलं. मग नर्सनं एका ग्लासात साखरेचं पाणी कालवून तिच्या हातात दिलं. मी ताडकन उठलो आणि म्हणालो, अहो, तिला साखर चालत नाही. दीड महिना पोरीला काकवी पाजणारा मी. नर्सनं शांतपणे सांगितलं, की ही तपासणीच अशी असते. एवढी साखर द्यायची आणि दोन तासांनी अंग तिचं काय करतं ते बघायचं. भाचीनं ग्लास संपवला, ओठ पुसले आणि माझ्या कानाशी म्हणाली, "काकवीपेक्षा बरं हाय."

निकाल मधला आला. मधुमेह नाही, पण चांगलंही नाही. साखर दोन तासांत जिथं उतरायला हवी होती तिथं उतरली नव्हती. डॉक्टर बाई शांत होत्या. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, गोड पातळ पदार्थ पूर्ण बंद, आणि गोड खायचंच झालं तर जेवणाबरोबर, थोडं. दुसरी मी ऐकलीच नाही. पहिली ऐकल्याबरोबर माझा आठ वर्षांचा अनुभव जागा झाला आणि कानात एवढ्या जोरानं बोलायला लागला, की पुढचं काही पोचलं नाही. बाहेर आल्यावर मी बहिणीजवळ काकवीचं कबूल केलं.  गाडीत बसेपर्यंत तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

आता मला प्रायश्चित्त घ्यायचं होतं. दुर्दैव असं, की मी ते भाचीला घ्यायला लावलं.

माझ्या डॉक्टरांनी मला आठ वर्षांपूर्वी एक कागद दिला होता. काय खायचं, काय नाही. तो इतका कोरा करकरीत होता, की वापरल्याची एकही खूण नव्हती. तो मी फ्रिजवर चिकटवला. भात बंद, बटाटा बंद, तूप अर्धा चमचा, भाकरी एक. शेंगदाणे मोजून. तळलेलं नाही. लोणी नाही. संध्याकाळी काकडी. माझ्या बायकोनं विचारलं, अहो, वन्संनी तर तूप भरपूर द्यायला सांगितलंय. मी म्हणालो, ते साखर वाढायच्या आधीचं. मधुमेहातलं तुला काय कळतंय? तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. एवढंच केलं, की मी दुकानात गेल्यावर पोरीला एक आम्लेट जास्त करून घालायची. हे मला फार नंतर कळलं.

भाची पहिल्या दिवशी कागदापुढं उभी राहून तो वाचत होती. म्हणाली, "मामा, डॉक्टर असं न्हाईत म्हणाल्या." मी म्हणालो, मला पुण्याच्या डॉक्टरांपेक्षा मधुमेहाचा अनुभव जास्त आहे. तिनं कागद तसाच राहू दिला. तिला भीती होती, की तक्रार आईपर्यंत गेली तर आई येऊन घेऊन जाईल. आणि कॉलेजात नुकतेच सूक्ष्मदर्शक हाताळायला मिळाले होते.

दर रविवारी ती दुकानात यायची. घरी वजनकाटा नाही, म्हणून पोत्यांच्या काट्यावर वजन करायची. पेंडीचं पोतं खाली उतरवायचं आणि तिनं वर चढायचं, सरळ, हात जोडल्यासारखी उभी. पहिल्या रविवारी बेचाळीस. दुसऱ्या रविवारी पाव किलो कमी. मग अर्धा. तिनं आकडा वाचला की मी म्हणायचो, काटा हलतोय. खालची फरशी सरळ नाही. वीज कमी-जास्त होते. अठरा वर्षं मी त्याच काट्यापुढं उभा राहून गिऱ्हाइकांना शपथेवर सांगत आलोय, की एक गुंजभर इकडंतिकडं नाही. त्या दोन महिन्यांत मात्र तो जिल्ह्यातला सगळ्यात बेभरवशाचा काटा झाला.

दसऱ्याच्या सुमाराला तिचा खोकला वाढला. मी म्हणालो, हवा बदलतेय.

भाऊबीजेला बहीण आली. ओवाळून झालं, तबक खाली ठेवलं, आणि तिनं पहिल्यांदा लेकीचा दंड धरून बघितला. बाजारात कणीस दाबून बघतात तसा. मग म्हणाली, चल. कुठं, ते सांगितलं नाही. आम्ही सगळे नवे कपडे घालून बंद दुकान उघडायला गेलो. कपाळावर माझ्या ओलं कुंकू. भाची काट्यावर चढली. चाळीस.

मी तोंड उघडायच्या आत बहिणीनं पोरीला उतरवलं आणि मला म्हणाली, चढ. मी चढलो. मागच्या वर्षीपेक्षा दोन किलो जास्त. भाचीच्या ताटातून मी जे जे काढून घेतलं होतं, शेंगदाण्याचे लाडू, लोणी, साजूक तुपाचा डबा, ते वाया जाऊ नये म्हणून कुणीतरी खाल्लंच होतं. पोरीचे दोन किलो कुठं गेले त्याचा असा शोध लागला.

बहीण म्हणाली, "दादा, पोरगी तुझ्याकडं शिकायला ठेवलीती. वाळवायला न्हाय." आणि लेकीला म्हणाली, कपडे भर.

 मध्ये पडली ती भाची. ती पोत्यांच्या थप्पीला टेकून उभी होती, एक हात सरकी पेंडीवर.

"मामा, एक इचारू? गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, म्हैस वाळलीया. तुम्ही काय सांगता?"

मी म्हणालो, खुराक वाढवा.

"पेंड कमी करा म्हणून कधी सांगितलंय?"

"न्हाय."

"मग मी म्हशीपेक्षा काय वाईट केलंय ओ?"

बहिणीला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही. मी थप्पीतल्या एका पोत्यावर बसलो. भाचीनं मग डॉक्टरांची दुसरी गोष्ट सांगितली, शब्दन् शब्द, कारण तिनं ती ऐकली होती. तुमच्या घरातल्या मोठ्यांचा मधुमेह आणि हिचा वेगळा. त्यांचं वजन कमी करायचं असतं, हिचं कधीच नाही. हिच्या ताटातून काही काढायचं नाही, फक्त गोड पाणी काढायचं. तूप, अंडी, दाणे, भाकरी सगळं ठेवायचं. तिनं हे ऑगस्टपासून मनात ठेवलं होतं. मामाला घरात कमीपणा नको म्हणून. मी आयुष्यात खूप माणसांचा मान राखल्याचं नाटक केलंय. खरा मान राखणं म्हणजे काय, ते त्या दिवशी बंद दुकानात कळलं, आणि तो राखायला पोरीला दोन किलो लागले होते.

बहिणीनं मुदत दिली. जानेवारीत परत तपासणी. तोपर्यंत दोन किलो भरून निघाले तर राहील, नाही तर कुरुंदवाड. फ्रिजवरचा कागद भाचीनं स्वतः काढला, घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवला. म्हणाली, हा तुमचा हाय, तुम्ही वापरा.

मग माझ्या बायकोनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. सकाळी लोण्याचा गोळा आणि थालीपीठ. डब्यात अंडी. दुपारी परत आली की दाण्याची चटणी तेलात भिजवून भाकरीशी. रविवारी पांढऱ्या रश्श्यात मटण, आणि वरचा तवंग सगळा तिच्या वाटीत. दूध साय न काढता, उकळून, बिनगोड. पहिल्या दिवशी तिनं तोंड वाकडं केलं, दुसऱ्या दिवशी वेलदोडा मागितला. खात कशी होती म्हणाल, तर भूक लागली म्हणून नव्हे. काम म्हणून. प्रत्येक घासाला ती वजनाच्या हिशोबानं बघायची आणि तरी त्यातला एखादा आवडायचाच. ते मला फार आवडायचं.

पण काटा हलेना. म्हणजे तोच काटा, ज्याला मी हलतो म्हणत होतो. नोव्हेंबरात पाव किलो वर, डिसेंबरात आणखी पाव, मग थांबला. एवढं खाऊन पोरगी दुपारी दमून झोपायची. पाणी फार प्यायला लागली होती. ही खूण मी ओळखायला हवी होती. माझ्या अनुभवातली एवढी एकच गोष्ट तिच्या उपयोगाची होती, आणि नेमकी तीच मी ओळखली नाही. तिनं ओळखली. डिसेंबराच्या शेवटी एका दुपारी ती माझ्या शेजारी गादीवर येऊन बसली आणि म्हणाली, मामा, जानेवारीत मधुमेह निघेल असं वाटतंय. आईला तुम्ही आत्ताच सांगून ठेवा, एकदम कळलं तर ती घाबरेल. सोळा वर्षांची पोरगी आपल्याला काय होणार यापेक्षा आईला ते कसं कळावं याची व्यवस्था करत होती. मी फोन केला. आयुष्यातला सगळ्यात छोटा फोन.

आणि निघाला.

डॉक्टर बाईंनी आकडे सांगितले, इन्सुलिन लिहून दिलं. बहीण ऐकत होती. यावेळी मी कान उघडे ठेवून बसलो होतो आणि मला एकच गोष्ट विचारायची होती. विचारली. माझ्या काकवीनं झालं का?

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "काकवीनं झालं असं मी म्हणणार नाही. हिची ग्रंथी जन्मापासून आतून खराब होत आलीय. इन्सुलिन कमी पडणार हे पुढंमागं होणारच होतं, बहुतेक. पण काकवीचा काहीच संबंध नाही, असंही म्हणणार नाही. गोड पातळ पोटात गेलं की साखर एकदम चढते, आणि आधीच अपुरं असलेलं इन्सुलिन तिला पुरं पडत नाही. खाण्यातल्या साखरेनं या मुलांचा धोका नेमका किती वाढतो, ते आम्हीही अजून शिकतोय."

मला सरळ शिक्षा हवी होती किंवा सरळ माफी. यातलं काहीच मिळालं नाही. दीड महिन्याच्या त्या बाटलीचं वजन किती, ते कुठल्याच काट्यावर कळणार नाही. मी मान खाली घालून बसलो. भाचीनं माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि डॉक्टरांना विचारलं, इन्सुलिननं वजन वाढेल काय? डॉक्टर म्हणाल्या, वाढायला हवं. खाल्लेलं इतके दिवस अंगी लागत नव्हतं ते याच्यामुळंच. भाची आईकडं वळून म्हणाली, बघ, म्हणजे मामीचं मटण वाया गेलेलं न्हाय, नुसतं वाट बघत होतं.

पहिलं इंजेक्शन तिनं स्वतः टोचलं, पोटाला चिमटा धरून. नर्सचा हात पुढं आला होता, तो तिनं हसून मागं सारला. मी भिंतीकडं बघत होतो. मला सुई बघवत नाही. माझ्या बोटाचं रक्त घ्यायला प्रयोगशाळेचा माणूस घरी येतो तेव्हा मी बाहेर गेलेलो असतो.

महिनाभरात बेचाळीस झालं. बहिणीनं तो आकडा फोनवर दोनदा वदवून घेतला. एकदा लेकीकडून, एकदा माझ्या बायकोकडून. माझ्याकडून नाही. मग म्हणाली, राहू दे तिथंच, बारावी होईस्तोवर.

त्या आनंदात फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही गुळव्या मित्राच्या गुऱ्हाळावर गेलो. भाचीनंच म्हटलं, जिथनं काकवी येते ते ठिकाण बघायचं. चिपाडाचा धूर वाऱ्यावर जात होता त्या बाजूला तिनं उभं राहायचं टाळलं. तोंडाला फडकं बांधून काहिलीपासून लांब बसली. मित्रानं रीतीप्रमाणं रसाचे मोठे ग्लास भरून आणले. गुऱ्हाळावर आलेल्यानं रस नाकारणं म्हणजे आमच्याकडं भांडण काढणं. मी घाबरून तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, काका, रस मामीला द्या, मला गूळ द्या, पण जेवण झाल्यावर, एवढासाच. आणि तिनं बोटाच्या पेराएवढा आकार दाखवला. मित्राला त्यात अपमान दिसला नाही. देणाऱ्यापेक्षा घेणारी पक्की दिसली असावी.

तो काहिलीकडं गेला. पाक झाला का ते बघायला त्यानं पळी बुडवली, थेंब थंड पाण्यात सोडला आणि दोन बोटांत घेऊन त्याची गोळी वळते का ते बघू लागला. इकडं भाचीनं डबा उघडायच्या आधी बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला आणि साखर मोजायच्या यंत्राकडं बघत राहिली. दोघांच्या बोटांवर एकेक थेंब. मित्र लांबून म्हणाला, "ताई, तुझा झाला काय?" ती म्हणाली, "झाला. तुमचा?" त्यानं मान हलवली, अजून एक कढ.

तिनं इन्सुलिन घेतलं. बायकोनं डबा उघडला. भाकरी, मटण, लोणी, कॅप्सूल. ती पोटभर जेवली. शेवटी पेराएवढा गरम गूळ तुपाच्या बोटानं उचलला आणि डोळे मिटून खाल्ला. घाई न करता. आयुष्यात मी कुणाला एवढ्या नीट गोड खाताना बघितलेलं नाही. मी तोपर्यंत रसाचा एक ग्लास संपवला होता आणि दुसऱ्याकडं, कुणी बघत नाही असं समजून, हात नेला होता.

तिनं डोळे उघडले. बोट टोचायच्या पेनात नवी सुई बसवली, नवी पट्टी काढली आणि तळहात पुढं केला.

"मामा, बोट."

मी म्हणालो, जेवण झाल्यावर बघतात काय कुणी? बायको म्हणाली, अहो द्या. मित्रही पळी हातात धरून बघायला आला. मी तोंड गुऱ्हाळाच्या धुराकडं फिरवून बोट दिलं. यंत्रात आकडा आला. तो मी इथं लिहिणार नाही. भाचीनं तो वाचला, माझ्या पुढचा रसाचा ग्लास उचलून मामीकडं सरकवला, आणि माझ्या खिशात हात घालून तो घडी घातलेला कागद बाहेर काढला. भाऊबीजेपासून तिथंच होता. अजूनही कोराच.